निलंबन, आडवाटेच्या मोटारसायकलीचे

मोटारसायकलीची चौकट आणि तिची दोन चाके यांच्यामध्ये बसविलेल्या स्प्रिंगा, धक्काशोषक व त्यांना जोडणारे दुवे या सर्वांस मिळून निलंबन योजना म्हणतात. चालकाला हिसके बसू नयेत एवढ्यासाठीच ही योजना असते, असा सर्वसाधारण समज आहे. डांबरी रस्त्यापुरता तो फारसा चुकीचा नाही. परंतु शेतवाट, नदीपात्र, वाळवंट, खडकाळ चढ किंवा मोटोक्रॉसची उंचवट्यांची मातीची धावपट्टी यांवर निलंबनाला त्याहून महत्त्वाची दोन कामे करावी लागतात. पहिले, चाक जमिनीला शक्य तितका वेळ टेकलेले ठेवणे. कारण हवेत असलेले चाक ना वळवू शकते, ना थांबवू शकते, ना ओढू शकते. दुसरे, गाडीचा पुढचा व मागचा भाग परस्परांच्या प्रमाणात योग्य उंचीवर राखणे. कारण पुढील फोर्कचा जमिनीशी असलेला कल या उंचीवर ठरतो आणि गाडी सरळ राहणार की वळणार, हे या कलावर अवलंबून असते.

या कामांचा आवाका एका साध्या हिशेबावरून लक्षात येईल. ११० किग्रॅ. वजनाची गाडी व ८० किग्रॅ. वजनाचा चालक दीड मीटर उंचीवरून सपाट जमिनीवर उतरले आणि चाकांना वर सरकण्यास ३०० मिमी. अंतर मिळाले, तर थांबण्याच्या क्रियेत सरासरी बल एकूण वजनाच्या सहा पट येते. हेच अंतर १०० मिमी. असेल, तर ते सोळा पट होते. चालकाचे गुडघे व टायर यांनी शोषलेला वाटा या हिशेबात धरलेला नाही. तरीही मनगटे, कणा आणि चौकट यांवर काय ओढवू शकते, हे यातून स्पष्ट होते. चाक जितके अंतर वरखाली सरकू शकते त्यास येथे ‘धाव’ म्हटले आहे. लांब धाव उपलब्ध असणे ही एक बाब आणि ती योग्य वेळी, योग्य प्रमाणात वापरली जाणे ही दुसरी. समायोजनाचा सर्व खटाटोप या दुसऱ्या बाबीसाठी असतो.

इतिहास : द्रवीय अवमंदन असलेला दुर्बिणीसारखा सरकणारा फोर्क बीएमडब्ल्यू कंपनीने १९३५ मध्ये आर १२ व आर १७ या गाड्यांवर आणला आणि पुढील चाकासाठी तीच रचना पुढे रूढ झाली. मागील चाकासाठी दोन्ही बाजूंना एकेक उभा धक्काशोषक बसविण्याची पद्धत १९७० पर्यंत जवळजवळ सार्वत्रिक होती. त्या काळच्या मोटोक्रॉस गाडीच्या मागील चाकाची धाव सु. १०० मिमी. एवढीच असे. बेल्जियन अभियंते ल्यूसिएँ टिल्केन्स यांनी टाकीखाली जवळजवळ आडवा बसणारा एकच लांब धक्काशोषक वापरण्याची रचना केली. यामाहा कंपनीने तिचे हक्क घेतले आणि १९७३ मध्ये स्वीडनचे हॉकान अँडरसन यांनी या रचनेच्या गाडीवर २५० घ.सेंमी. गटाचे मोटोक्रॉस जागतिक विजेतेपद मिळविले. जर्मनीतील मायको कंपनीने धक्काशोषक झुलत्या भुजेवर पुढे सरकवून दोन धक्काशोषकांच्या रचनेतही धाव वाढविता येते हे दाखविले. यानंतर काही वर्षांतच धावेचे अंतर दुप्पट ते तिप्पट झाले. केंट ओलिन यांनी १९७६ मध्ये स्वीडनमध्ये धक्काशोषकांचा कारखाना काढला. त्याच्या धक्काशोषकांवर १९७८ मध्ये गेनादी मोइसेयेव्ह यांनी २५० घ.सेंमी. गटाचे विजेतेपद मिळविले. १९८० च्या सुमारास कावासाकी, होंडा व सुझुकी यांनी धक्काशोषक आणि झुलती भुजा यांच्यामध्ये तरफांची जोडणी आणली. तिच्यामुळे चाक जसजसे वर जाते तसतसा विरोध वाढत जातो. जाड नळी वर व बारीक नळी खाली असलेला उलटा फोर्कही १९८० नंतरच्या दशकात प्रचारात आला. आजच्या मोटोक्रॉस गाडीत दोन्ही चाकांची धाव सु. ३०० मिमी. असते. २०१३ मध्ये काही उत्पादकांनी पोलादी स्प्रिंगेऐवजी दाबाखालील हवा भरलेले फोर्क आणले. वजन घटले, पण दर फेरीआधी दाब तपासण्याची कटकट वाढली. होंडा कंपनीने आपल्या ४५० घ.सेंमी. च्या गाडीवर २०१७ मध्ये पुन्हा पोलादी स्प्रिंगच बसविली.

भारतात आडवाटेस योग्य अशा, सामान्य ग्राहकाला परवडणाऱ्या गाड्या उशिरा आल्या. २०१६ मधील रॉयल एन्फील्ड हिमालयन या गाडीची धाव पुढे २०० व मागे १८० मिमी. होती, २०१९ मधील हीरो एक्सपल्स २०० ची अनुक्रमे १९० व १७० मिमी. होती. एक्सपल्सच्या २०२३ मधील ‘प्रो’ प्रकारात ती २५० व २२० मिमी. झाली आणि दोन्ही टोकांना समायोजनाची सोयही मिळाली.

स्प्रिंग : स्प्रिंग जितकी दाबली जाते तितक्या प्रमाणात ती विरोध करते. एक मिमी. दाबण्यास लागणाऱ्या बलास तिचा ताठरपणा म्हणतात. मोटोक्रॉस गाडीच्या फोर्कमधील प्रत्येक स्प्रिंगेचा ताठरपणा साधारणतः दर मिमी.स ४ ते ५ न्यूटन असतो, तर मागील स्प्रिंगेचा ४५ ते ६० न्यूटन. मागील आकडा मोठा दिसतो याचे कारण असे की, तरफेच्या जोडणीमुळे चाक जितके हलते त्याच्या निम्म्याहूनही कमी अंतर धक्काशोषक हलतो.

मागील स्प्रिंगेच्या डोक्यावरील आट्यांचे कडे फिरवून स्प्रिंग मुळातच थोडी दाबून ठेवता येते. यास पूर्वभार म्हणतात. पूर्वभार वाढविला म्हणजे स्प्रिंग ताठ झाली, हा अनेक चालकांचा व काही कारागिरांचाही पक्का समज असतो. प्रत्यक्षात स्प्रिंगेचा ताठरपणा तारेची जाडी, वेढ्यांचा व्यास व वेढ्यांची संख्या यांवर ठरतो. कडे फिरवून तो बदलत नाही. बदलते ती केवळ गाडीची उंची. दुधाच्या किटल्या बांधून डेअरीवर जाणारा शेतकरी मागील धक्काशोषकांची खाच वरच्या घरात बसवितो तेव्हा स्प्रिंग तीच राहते. ओझ्याने खाली बसलेली गाडी तेवढी पुन्हा वर उचलली जाते.

फोर्कमध्ये पोलादी स्प्रिंगेच्या जोडीला आणखी एक स्प्रिंग नकळत काम करीत असते, ती म्हणजे तेलाच्या वर कोंडलेली हवा. साध्या, उघड्या कोठीच्या फोर्कमध्ये तेलाची पातळी फोर्क पूर्ण दाबून व स्प्रिंग काढून, नळीच्या काठापासून मोजतात. ३०० मिमी. धाव असलेल्या फोर्कमध्ये हे अंतर ११० मिमी. असेल, तर पूर्ण दाबल्यावर हवेचा स्तंभ ४१० वरून ११० मिमी. वर येतो, म्हणजे दाब ढोबळमानाने पावणेचार पट होतो. तेल वाढवून हे अंतर १०० मिमी. केले, तर तो चौपट होतो. धावेच्या मध्यावर मात्र दोन्ही स्थितींत दाब सु. १.६ पटच राहतो. म्हणून तेलाची पातळी हे धावेच्या केवळ शेवटच्या तृतीयांशाचे समायोजन होय. फोर्क इतरत्र चांगला चालत असून केवळ मोठ्या उडीनंतर तळाला आदळत असेल, तर ५ ते १० मिमी. तेल वाढविणे हा सर्वांत स्वस्त व बहुधा पुरेसा उपाय ठरतो.

अवमंदन : दाबलेली स्प्रिंग साठविलेली ऊर्जा परत देते. ती तशीच परत मिळाली, तर चाक उसळत राहील. म्हणून धक्काशोषकातील दट्ट्या तेलातून सरकवून या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतात. स्प्रिंगेचा विरोध ती किती दाबली गेली यावर अवलंबून असतो, तर अवमंदनाचा विरोध ती किती वेगाने दाबली जाते यावर. हा भेद लक्षात न घेता केलेले समायोजन म्हणजे अंधारात दगड मारणे होय.

तेल केवळ एका छिद्रातून जात असेल, तर वेग दुप्पट होताच विरोध सु. चौपट होतो. जुन्या धाटणीच्या व आजही स्वस्त गाड्यांत असलेल्या फोर्कचा मुख्य दोष हाच. ब्रेक लावताना तो सहज खाली बसतो, कारण तेथे हालचाल संथ असते. आणि धारदार दगडावर मात्र लाकडासारखा ताठ होतो, कारण तेथे ती अतिजलद असते. मऊपणा व कडकपणा हे दोन्ही दोष एकाच फोर्कमध्ये एकाच वेळी आढळतात ते यामुळे. सुधारलेल्या रचनेत दट्ट्याच्या छिद्रांवर पोलादाच्या पातळ चकत्यांची चळत बसविलेली असते. वेग वाढला की चकत्या वाकतात, वाट मोठी होते आणि विरोध बेताने वाढतो.

चाक वर जाताना होणाऱ्या विरोधास दाब अवमंदन व ते खाली परतताना होणाऱ्या विरोधास उसळी अवमंदन म्हणतात. चांगल्या धक्काशोषकात दोहोंसाठी वेगवेगळे स्क्रू असतात आणि ते फिरविताना ठरावीक अंतराने खटका लागतो. काही धक्काशोषकांत दाब अवमंदनाचे पुन्हा मंदगती व शीघ्रगती असे दोन भाग असतात. येथे गती म्हणजे दट्ट्याची गती, गाडीची नव्हे. ताशी ८० किमी. वेगाने जाणाऱ्या गाडीने ब्रेक लावला असता फोर्क दबतो ती हालचाल मंदगतीच होय. उलट चालण्याच्या वेगाने जाणारे चाक दगडाच्या धारेवर आपटले, तर दट्ट्याची गती त्याहून कितीतरी अधिक असू शकते.

बसण व तिचे मापन : गाडी स्वतःच्या व चालकाच्या वजनाने जितकी खाली बसते त्या अंतरास चालकवर्गात सॅग म्हणतात, ‘घडण’, ‘ठेवण’ यांच्या धर्तीवर येथे ‘बसण’ हा शब्द वापरला आहे. सर्व समायोजनाचा पाया ही बसण होय. ती न मोजता अवमंदनाचे स्क्रू फिरविणे व्यर्थ असते, कारण चुकीच्या स्प्रिंगेमुळे उद्भवलेले दोष कोणत्याही स्क्रूने दूर होत नाहीत. फार तर त्यांचे स्वरूप बदलते.

मापनास तीन माणसे लागतात. प्रथम गाडी ठोकळ्यावर ठेवून मागील चाक अधांतरी करावे आणि मागील आसापासून तिच्या सरळ वर मडगार्डवर केलेल्या खुणेपर्यंतचे अंतर मोजावे. समजा, ते ६२० मिमी. भरले. नंतर गाडी सपाट जमिनीवर उभी धरून तेच अंतर मोजावे, ५८५ मिमी. भरल्यास स्वभाराची बसण ३५ मिमी. झाली. शेवटी चालकाने बूट, शिरस्त्राण व पाणी यांसह पूर्ण पेहराव करून नेहमीच्या जागी बसावे किंवा उभे राहावे, दुसऱ्याने हँडल धरावे व तिसऱ्याने मोजावे. ५१८ मिमी. भरल्यास चालकासह बसण १०२ मिमी. झाली. घर्षणामुळे गाडी प्रत्येक वेळी नेमक्या त्याच जागी स्थिरावत नाही. म्हणून एकदा वरून दाबून व एकदा वर उचलून सावकाश सोडावी आणि दोन्ही मापांची सरासरी घ्यावी. चालकासह बसण मागे धावेच्या सु. एक तृतीयांश असावी, ३०० मिमी. धावेस सु. १०० मिमी. व १७० मिमी. धावेस ५५ ते ६० मिमी. हे प्रमाण बहुतेकांना मानवते. पुढे ती किंचित कमी, पाव ते एक तृतीयांश यांच्या दरम्यान ठेवतात. एवढी बसण अनाठायी नसते. खड्डा आला असता चाकाला खाली उतरण्यास वाव हवा, तो तीच देते.

यापुढील पायरी बहुधा गाळली जाते आणि तीच सर्वांत उद्‌बोधक असते. वरील गाडीवर अधिक वजनाचा चालक बसला व कडे आवळून चालकासह बसण पुन्हा १०२ मिमी. वर आणली, असे समजू. आता चालक उतरल्यावर स्वभाराची बसण केवळ १२ मिमी. भरते. गाडी रिकामी असताना ताठ उभी राहते म्हणजे स्प्रिंग कडक आहे, असे कोणासही वाटेल. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. चालक बसल्यामुळे गाडी किती खाली गेली हे या दोन मापांतील फरकावरून कळते. पहिल्या वेळी तो ६७ मिमी. होता, आता ९० मिमी. आहे. पूर्वभाराचा या फरकाशी संबंध नाही. तो केवळ चालकाचे वजन व स्प्रिंगेचा ताठरपणा यांवर ठरतो. म्हणजे या चालकाला स्प्रिंग मऊ पडते आणि ती बदलून अधिक ताठ स्प्रिंग घ्यावयास हवी. उलट, चालकासह बसण बरोबर असताना स्वभाराची बसण ५० मिमी. च्या वर गेली, तर स्प्रिंग त्या चालकास फाजील ताठ आहे. ३०० मिमी. धावेच्या गाडीस ३० ते ४० मिमी. ही स्वभाराच्या बसणीची सर्वसाधारण मर्यादा मानतात. कारखान्यातून येणारी स्प्रिंग एका ठरावीक वजनाचा चालक गृहीत धरून बसविलेली असते. ५५ किग्रॅ. किंवा ९५ किग्रॅ. वजनाच्या चालकाने तीच स्प्रिंग ठेवून केवळ स्क्रूंवर भिस्त ठेवणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचे बूट नाडी आवळून वापरणे होय.

अवमंदनाचे समायोजन : आरंभी प्रत्येक स्क्रू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हलक्या हाताने पूर्ण बंद करावा व किती खटके लागले ते मोजून लिहून ठेवावे. शेवटी जोर लावू नये. सुईसारख्या टोकाची झडप तिच्या बैठकीत रुतून कायमची बिघडते. नंतर उत्पादकाने सांगितलेल्या आकड्यावर सर्व स्क्रू आणावेत. चाचणीसाठी दोन-तीन मिनिटांत संपणारा, पण ब्रेकचे खाचखळगे, एक वळण, एक चढ व एखादी उडी असलेला टापू निवडावा आणि प्रत्येक वेळी तोच टापू त्याच वेगाने पार करावा. पहिल्या एक-दोन फेऱ्या तेल गरम होण्यापुरत्या समजाव्यात. नंतर एका वेळी एकच स्क्रू दोन खटके फिरवावा. फरक सुधारणेचा की बिघाडाचा हे ठरत नसेल, तर तोच स्क्रू मुद्दाम दोन्ही टोकांकडे चार-सहा खटके नेऊन पाहावा. दोष ठळक झाला म्हणजे योग्य दिशा कळते. एकाच वेळी दोन स्क्रू फिरविल्यास कोणत्या बदलाचा कोणता परिणाम झाला हे कधीच कळत नाही. हा नियम सर्वांना ठाऊक असतो व अंधार पडू लागला की सर्वच जण तो मोडतात.

फोर्कच्या नळीवर रबराचे एक पातळ कडे चढवून ठेवावे. फोर्क जास्तीत जास्त कोठवर दबला हे त्यावरून दर फेरीनंतर दिसते. संपूर्ण टापूत एखाद-दुसऱ्या वेळी धाव पूर्ण वापरली जाणे हे योग्य समायोजनाचे लक्षण होय. ती कधीच वापरली जात नसेल, तर तेवढे अंतर फुकट वाहिले जात आहे, असे समजावे.

दोषनिदान : पुढचे टोक कडक लागते, हाताला मुंग्या येतात, ही सर्वांत सामान्य तक्रार असते आणि तिच्यावर सर्वांत अधिक चुकीचे उपचार होतात. कडक लागते म्हणून चालक दाब अवमंदन सैल करतो. तरीही कडकच लागल्यास आणखी सैल करतो. वास्तविक अशा अनेक गाड्यांत फोर्क मुळात मऊ असतो. तो ब्रेक लावताच खोल बसतो, दाबलेल्या हवेच्या कडक पट्ट्यात जातो आणि तेथून पुढे लहान खळगाही ठोसा मारतो. अवमंदन सैल केल्याने तो आणखी खोल जातो व तक्रार वाढते. रबरी कडे येथे निवाडा करते. कडे तळाशी पोहोचलेले असूनही कडकपणाची तक्रार असेल, तर दोष मऊपणाचा आहे. स्प्रिंग, पूर्वभार किंवा दाब अवमंदन वाढवावे. कडे तळापासून ६०–७० मिमी. दूरच राहिले असेल, तर फोर्क खरोखरच कडक आहे.

मागील चाक लाथ मारल्यासारखे उसळणे हा दोष अधिक धोक्याचा असतो, कारण उडीच्या तोंडाशी असे झाल्यास चालक हँडलवरून पुढे फेकला जातो. उसळी अवमंदन अपुरे असले की असे होते, हे सर्वज्ञात आहे. ते फाजील असले तरीही असेच होते, हे मात्र तितकेसे ज्ञात नाही. फाजील अवमंदनामुळे एका खळग्यानंतर चाक पूर्ण खाली परतण्याआधीच दुसरा खळगा येतो. दर खळग्यास गाडी थोडी थोडी खाली बसत जाते, धाव संपत येते आणि मग पुढचा धक्का सरळ चौकटीला बसतो. दोन्ही स्थिती ओळखण्याची खूण अशी : पहिल्याच खळग्याला लाथ बसत असेल, तर उसळी अवमंदन वाढवावे, पहिले दोन-तीन खळगे सुखाने जाऊन चौथ्या-पाचव्याला बसत असेल, तर ते कमी करावे. हा भेद न करता केलेला उपाय अपघाताला निमंत्रण देतो.

वळणात पुढचे चाक आत कोसळू पाहत असेल किंवा सरळ वेगात हँडल डावीउजवीकडे थडथडत असेल, तर गाडीचे पुढचे टोक मागच्याच्या मानाने खाली आहे. उलट, हँडल वळवूनही गाडी बाहेर वाहवत असेल, तर ते वर आहे. यावर अवमंदनाआधी उंची तपासावी. मागील बसण ५ मिमी. ने कमीजास्त करणे किंवा फोर्कच्या नळ्या वरच्या पकडीतून ३–५ मिमी. वरखाली सरकविणे एवढ्यानेच बहुधा काम भागते. पुढचे व मागचे टोक परस्परांस जुळलेले असणे हे दोहोंपैकी एखादे निर्दोष असण्यापेक्षा मोलाचे असते. पुढे उत्तम फोर्क बसवून मागे थकलेला धक्काशोषक ठेवलेली गाडी मुळातल्या साध्या गाडीपेक्षा वाईट चालल्याची उदाहरणे पुष्कळ आढळतात.

कित्येक दोष मुळात निलंबनाचे नसतातच. पुढील आस आवळताना फोर्कच्या दोन नळ्या समांतर राहिल्या नाहीत, तर त्या अडकत अडकत सरकतात. आस धरणारे एका बाजूचे बोल्ट सैल ठेवून, ब्रेक दाबून फोर्क चार-पाच वेळा खालीवर करावा व मगच ते आवळावेत. झुलत्या भुजेचे व तरफांचे धारवे चिखल-पाण्याने गंजून जड होतात. टायरमधील हवेच्या दाबाचा परिणाम दोन-चार खटक्यांइतका सहज होतो. साखळीचे उदाहरण विशेष लक्षणीय आहे. इंजिनाचे दंतचक्र, झुलत्या भुजेची खीळ व मागील आस एका सरळ रेषेत आले की साखळी सर्वांत ताठ होते. गाडी ठोकळ्यावर असताना साखळी ‘नीटनेटकी’ ताणून ठेवली, तर वापरात तीच मागील चाकाला मध्येच अडवते आणि चालक मात्र धक्काशोषकाला दोष देत राहतो.

विशेष परिस्थिती : खोल वाळूत पुढचे चाक रुतू नये म्हणून मागील बसण थोडी वाढवितात व पुढील दाब अवमंदन दोन-तीन खटके आवळतात. खडकाळ, संथ वाटेवर याच्या उलट, दाब अवमंदन सैल व उसळी थोडी जलद ठेवल्यास चाक दगडाला चिकटून चढते. चिखलात गाडीला लगडणारा गाळ हा वाढीव भारच असतो, हे विसरू नये.

समुद्रसपाटीवरून लडाखसारख्या प्रदेशात जाणाऱ्यांना वेगळाच अनुभव येतो. ५,००० मी. उंचीवर वातावरणाचा दाब सपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. मुंबईत बंद झालेली फोर्कमधील हवा तेथे बाहेरच्या मानाने दाबाखाली येते, फोर्क काही मिमी. वर उचलला जातो व लहान दगडांवर ताठ लागतो. ज्या फोर्कच्या टोपणात हवा सोडण्याचा लहान स्क्रू असतो तेथे पुढचे चाक अधांतरी करून तो क्षणभर उघडणे पुरेसे होते. लांब पल्ल्यात तापल्यामुळेही असाच दाब साठतो. परतल्यावर पुन्हा एकदा स्क्रू उघडून हवा समतोल करावी, नाहीतर फोर्क नेहमीपेक्षा खाली बसतो.

देखभाल : निलंबनाचा ऱ्हास हळूहळू होत असल्याने तो चालकाला जाणवत नाही. तेलात धातूचा बारीक कस मिसळतो, त्याची श्यानता घटते आणि एके दिवशी लक्षात येते की, स्क्रू पूर्ण बंद करूनही फरक पडत नाही. तेल बदलल्याखेरीज अशा धक्काशोषकाचे समायोजन करू नये. तेलाच्या डब्यावरील ‘५’, ‘१०’ हे आकडे निरनिराळ्या उत्पादकांत तुल्य नसतात; ४०° से. तापमानास दिलेली श्यानता पाहून तेल निवडावे. सीलमधून तेल पाझरू लागल्यास नळीवर चिखलाची धार तपासावी. बारीक कण सीलच्या ओठाखाली अडकला असेल, तर पातळ पट्टीने तो काढल्यावर गळती कित्येकदा थांबते. ब्रेकच्या अस्तरावर हे तेल उतरल्यास ब्रेक निकामी होतो, म्हणून गळती लांबणीवर टाकू नये.

मागील धक्काशोषकाच्या कोठीत साधारणतः १० बार दाबाचा नायट्रोजन असतो. दट्ट्याच्या मागे पोकळी निर्माण होऊन तेलाचा फेस होऊ नये, हा त्याचा हेतू. हा धक्काशोषक घरी उघडणे, तापविणे किंवा त्यावर छिद्र पाडणे अत्यंत धोक्याचे असते. फोर्कचे तेल बदलणे कुशल चालकास साधते. मागील धक्काशोषकाचे काम मात्र दाबमापक, नायट्रोजनाचे नळकांडे व स्प्रिंग दाबण्याचा शिकंजा असलेल्या कार्यशाळेतच करवून घ्यावे. काम होऊन गाडी परत आली म्हणजे बसण पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागते, कारण कड्याची जागा क्वचितच पूर्वीची राहिलेली असते.